शिकावयाचें तर कोणत्या किनाऱ्यावर?

गेल्या खेपेस या सदरांत मीं मुलांच्या पाठांतराविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका गृहिणीनें असा निरोप पाठविला कीं, "मास्तर, आमच्या घरचीं मुलें पाठांतराचें बोलतच नाहींत, सुट्टी कोठें घालवावयाची याचेंच बोलतात, त्याविषयीं कांहीं लिहाल तर बरें." योगायोग असा कीं, आमच्याही घरीं गेलें वर्षभर हीच चर्चा चालली होती.

आमचें बिऱ्हाड डोंबिवलीस. दोघां भावांचीं दोन घरें एकाच मजल्यावर, मधला दरवाजा सदा उघडा, आणि सणावारीं स्वयंपाक एकत्र. धाकट्या बंधूंची कन्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. गेल्या मार्गशीर्षांत एके रात्रीं जेवणें उरकल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली व म्हणाली, "काका, मला सर्फिंग शिकायचें आहे. बाबा म्हणतात, काकांना विचार." बंधूंनीं आपल्यावरचें ओझें माझ्यावर टाकलें हें उघड होतें. तसें करण्यास त्यांना कारण होतें. तें पुढें येईलच.

सर्फिंग म्हणजे काय हें ज्या वडीलधाऱ्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. आठ-नऊ फूट लांबीच्या फळीवर पालथें पडावयाचें, हातांनीं पाणी मागें सारीत लाटेची वाट पाहावयाची, लाट पाठीशीं आली कीं झटक्यानें फळीवर उभें राहावयाचें आणि लाटेच्या उतारावरून किनाऱ्याकडे घसरत यावयाचें. ही विद्या मूळची हवाई बेटांकडील. तिला जगभर नांवारूपास आणणारा ड्यूक कहानामोकु हा पुरुष १९१२ व १९२० या दोन्हीं सालच्या ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याच्या शंभर मीटर शर्यतींत पहिला आला होता. म्हणजे लाटेवर उभें राहावयास शिकविणारा हा आचार्य आधीं पट्टीचा पोहणारा होता, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. २०२१ सालीं टोकियोस भरलेल्या ऑलिंपिकांत या खेळास प्रथमच स्थान मिळालें. मीं त्यास 'तरंगारोहण' असें भारदस्त नांव सुचविलें, परंतु घरांतील मुलांनीं तें हसण्यावारी नेलें.

पुतणीजवळ ठिकाणांची एक यादी तयार होती: बाली, वर्कला, गोकर्ण, गोवा. हीं नांवें कशावरून निवडलीं असें विचारतां तिनें छायाचित्रें दाखविलीं. प्रत्येकांत घराएवढी निळी लाट आणि तिच्या पोटांतून निघालेला एखादा वीर. मी म्हणालों, "अगं, हीं पदवीदानसमारंभाचीं चित्रें झालीं, मला बालवर्ग कोठें भरतो तें दाखव." ती हंसली. पण मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

माझे वडील बंधू १९७२ च्या मे महिन्यांत उल्हास नदीच्या एका डोहांत बुडाले. ते पंधरा वर्षांचे होते, मी बारांचा. बरोबर चार मित्र होते. उड्या सर्वांसच मारतां येत. पोहतां नीटसें कोणासच येत नव्हतें. मी लहान म्हणून कांठावर सर्वांचे कपडे सांभाळीत बसलों होतों. दादा दोनदां वर आले, नंतर आले नाहींत. मित्र ओरडत राहिले, कोणी गांवाकडे धांवलें, आणि मी मांडीवरचे सदरे घट्ट धरून तसाच बसलों. त्यानंतर घरांत पाण्याचें नांव काढूं नये असा नियम कोणी केला नाहीं; तो आपोआप झाला. मी पोहावयास शिकलों नाहीं, धाकटे बंधू शिकले नाहींत, आमचीं मुलेंही शिकलीं नाहींत. मास्तरकीच्या काळांत कितीतरी सहली मीं नेल्या. परंतु नदी किंवा समुद्र असेल त्या सहलीस कांहींतरी निमित्त काढून दुसऱ्या शिक्षकांस पाठवीत असें.

आमच्या मातोश्री आज एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. पुतणीचा विचार त्यांच्या कानीं कसा घालावा याचीच आम्हां दोघां भावांस चिंता होती. पण घरांत मधला दरवाजा उघडा असला म्हणजे गुप्त असें कांहीं राहत नाहीं. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दिवा लावून झाल्यावर आईनें मला हांक मारली.

"तिला पोहतां येतें का रे?"

"नाहीं."

"मग आधीं तें शिकव. त्या दिवशीं कांठावर एकाला जरी येत असतें..." एवढें बोलून ती वात पुढें सारावयास वळली. थोड्या वेळानें म्हणाली, "आणि जिथें नेशील तिथें कांठावर पोहणारा माणूस असतो का, तें पाहून घे."

पन्नासाहून अधिक वर्षांत दादाविषयीं आईनें माझ्यापाशीं उच्चारलेलें हें पहिलें वाक्य. आम्हीं तिला वांचविण्यासाठीं म्हणून पाळलेलें मौन तिला हवें होतें कीं नव्हतें, हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. तें असो. ठिकाण निवडण्याची माझी पद्धत मात्र त्या दोन प्रश्नांनीं ठरून गेली.

पोहणें शिकण्यास दूर जावें लागत नाहीं. डोंबिवलीस सावळाराम महाराज क्रीडासंकुलांत तरणतलाव आहे, ठाण्यास मारोतराव शिंदे तरणतलाव आहे. कोणी म्हणेल, ठाणें हें तर तलावांचेंच गांव, शिवाय दाराशीं खाडी. मग विकत पाणी कशाला? खाडींत चिखल व कांदळवन; तेथें रोहित पक्ष्यांनीं उतरावें, आपण नव्हे. ठाण्याच्या खाडीला २०२२ सालीं रामसर यादींत मान मिळाला तो या पक्ष्यांच्या व कांदळवनाच्या पुण्याईनें. नदीच्या डोहाविषयीं मी आणखी कांहीं लिहीत नाहीं.

माघांत पुतणीनें पोहण्याच्या वर्गांत नांव घातलें. तिला सोडावयास म्हणून मी जाऊं लागलों आणि आठ दिवसांनीं, हें लिहितांना संकोच वाटतो, स्वतःही पाण्यांत उतरलों. शिक्षक माझ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या वयाचे होते. पण त्यांनीं मला "आजोबा, पाय सोडा, पाय सोडा" असें जें दरडावलें त्यास तोड नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत मी पाठीवर तरंगलों. पुतणीची परीक्षा मीं ठरविली ती अशी: न थांबतां शंभर मीटर पोहणें, आणि पाय न टेकतां दहा मिनिटें तरंगणें. वैशाखांत ती उतरली. तोंपर्यंत समुद्राकडील तिकिटाचा विषय घरांत काढावयाचा नाहीं, असा करार होता.

मध्यंतरीं मीं लाटेचा अभ्यास केला. अमरकोशांत साध्या लाटेस भंग, तरंग, ऊर्मि, वीचि असे शब्द आहेत आणि मोठीस उल्लोल व कल्लोल. त्यांतील 'भंग' हा शब्द मला आतां विशेष वाटतो, कारण शिकणाऱ्याचें सारें भवितव्य लाट कोठें व कशी फुटते यावर असतें. खोल पाण्यांत लाट नुसती पुढें सरकत असते. पाणी उथळ होऊं लागलें कीं तिचा पाया तळाशीं अडखळतो, माथा पुढें धांवतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली कीं ती फुटते. तळाचा उतार मंद असेल तर ती हळूहळू ढासळत, फेंसाळत दूरवर येते. उतार तीव्र असेल तर एकदम कोसळून वाळूवर आपटते. पहिली लाट शिष्यास ढकलीत नेते, दुसरी मान मोडते. वाळू बारीक व घट्ट असेल, चालतांना पाय रुतत नसेल, ओहोटीस ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडत असेल, तर उतार मंद समजावा. वाळू जाड व पाय रुतविणारी असेल आणि कांठाशींच धप्प असा आवाज येत असेल, तर तेथें भेळ खावी व परत यावें. शिकणाऱ्यास कमरेइतक्या पाण्यांत उभें राहतां आलें पाहिजे, आणि लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंत असली म्हणजे पुष्कळ झाली. तळाशीं खडक किंवा प्रवाळ नसावें, नदीचें मुख लगत नसावें.

दुसरी गोष्ट ओढीची. लाटांनीं किनाऱ्यावर आणून टाकलेलें पाणी कोठून तरी परत जावयाचेंच. तें पुष्कळदां एका अरुंद वाटेनें जोरानें आंत जातें. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून दोन्हीं बाजूंच्या पांढऱ्या फेंसामध्यें तो पट्टा शांत व गडद दिसतो. नवखा मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडूं नये. किनाऱ्यास समांतर बाजूस सरकावें, ओढ संपली कीं मग आंत यावें, आणि फळी असेल तर ती सोडूं नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरुडच्या समुद्रांत सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तो दिवस पावसाळ्यांतला नव्हता.

वाऱ्याचें गणित आपण सर्वांनीं शाळेंत शिकलेलें आहे. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारीं समुद्राकडून खारा वारा येतो. मतलई वारा लाटेस समोरून धरून ठेवतो, त्यामुळें तिचा चेहरा नितळ राहतो. खारा वारा ती विस्कटून टाकतो. म्हणून या विद्येचा पाठ सकाळीं. भरतीची वेळ काढण्यास पंचांग पुरे आहे: तिथीची पाऊणपट केली म्हणजे मुंबईकडील पूर्ण भरतीचा तास साधारणपणें मिळतो. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या. गोव्यास ती कांहींशी आधीं येते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, पाणी फार चढतें व फार उतरतें; अष्टमीस भांगाची भरती, तेव्हां पाण्याची चढउतार थोडी. हा हिशेब मीं पुतणीस सांगितला तेव्हां तिनें आपल्या भ्रमणध्वनीवर ताडून पाहिला आणि पंधरा मिनिटांचा फरक काढून दाखविला. पंधरा मिनिटें मी सोडून देतों.

आतां ठिकाणें. बालीस वाळूचे किनारेही आहेत, परंतु तेथील पुष्कळ नामांकित लाटा प्रवाळावर फुटतात. शिवाय पहिल्या चार धड्यांसाठीं समुद्र ओलांडण्याचें प्रयोजन काय? (समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलेलें आहे, ही शंका आमच्या मावशींनीं काढली. किनाऱ्यापासून पन्नास हातांवर जाणें हें समुद्रयान नव्हे, असा निर्णय मीं माझ्या अधिकारांत देऊन टाकला.) आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे वाळू उत्तम, पण आषाढ-श्रावणांत लाट असते तेव्हां पाण्यांत उतरणें वेडेपणाचें, आणि माघ-फाल्गुनांत उतरतां येतें तेव्हां लाट पुष्कळदां नुसती पाय धुण्यापुरती. तारकर्लीस राज्याच्या पर्यटन महामंडळाची पाण्याखालीं बुडी मारण्याचें शिक्षण देणारी संस्था आहे, पण तें शास्त्र निराळें.

कर्नाटकांत मंगळूरच्या उत्तरेस मुल्की म्हणून गांव आहे. शांभवी व नंदिनी या नद्या तेथें समुद्रास मिळतात. जॅक हेब्नर नांवाच्या अमेरिकन वैष्णवानें, ज्याला लोक 'सर्फिंग स्वामी' म्हणत, तेथें आश्रम मांडून २००४ सालीं तरंगारोहणाचा मठच उभा केला. आहार शाकाहारी, मद्य वर्ज्य. आमच्या सौभाग्यवतींचा कौल अर्थातच मुल्कीस होता, आणि कोंकण रेल्वेवर तें स्थानकही आहे. दक्षिणेस तिरुअनंतपुरमजवळच्या कोवळमची हकीकत मला मास्तर म्हणून फार आवडली. २००५ च्या सुमारास निघालेल्या तेथील मंडळाचा मुलांकरितां नियमच असा कीं, शाळेंत जाणार नाहीं त्याला फळी मिळणार नाहीं. असला उपाय माझ्या हातीं असता, तर हजेरीपटाच्या चिंतेंत माझीं इतकीं वर्षें गेलीं नसतीं. चेन्नईजवळच्या दुसऱ्या कोवळमला, ज्यास इंग्रज कव्हलाँग म्हणत, कोळ्यांचींच मुलें गुरु झालीं आहेत; आणि त्याच किनाऱ्यावर महाबलीपुरमला २०२५ सालीं आशियाई अजिंक्यपदाचे सामने होऊन आपल्या रमेश बुदिहाळ यांनीं कांस्यपदक मिळविलें. परंतु पूर्व किनाऱ्याची लाट पश्चिमेपेक्षां दांडगी, आणि आश्विन-कार्तिकांत तिकडे परतीचा पाऊस. तीं ठिकाणें दुसऱ्या इयत्तेचीं.

उरला गोवा. गोव्याची लाट लहान म्हणून जाणकार नाक मुरडतात. माझ्या दृष्टीनें तोच तिचा गुण. पेडणें तालुक्यांतील मांद्रें व आश्वें या किनाऱ्यांवर उतार मंद, वाळू बारीक. आणि आईच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरही तेथें मिळालें. गोवा सरकारच्या नेमणुकीनें २००८ पासून तेथील किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. तांबडें निशाण असेल तेथें उतरावयाचें नाहीं, तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मध्यें पोहावयाचें, आणि जून ते सप्टेंबर समुद्रांत पोहण्यास मनाई.

किनारा ठरला तरी गुरु ठरावयाचा होता. मीं तिघांस दूरध्वनि केला. पहिल्यानें सांगितलें, "पोहतां आलें नाहीं तरी चालतें काका, फळी पायाला दोरीनें बांधलेली असते." त्याचें नांव मीं तत्काळ खोडलें. दोरी तुटते, आणि फळी हातांतून सुटली तर ती पायाशीं असून उपयोग काय? दुसऱ्याचें बोलणें गोड, पण एका शिक्षकामागें दहा शिष्य. तिसऱ्यानें मला उलट विचारलें: मुलीला किती पोहतां येतें, चष्मा आहे का, दम्याचा विकार आहे का, आणि म्हणाला, चौघांहून अधिक घेत नाहीं, समुद्र वाईट असेल त्या दिवशीं वर्ग नाहीं, पैसे परत. परीक्षकच आपली परीक्षा घेऊं लागला म्हणजे समजावें कीं आपण योग्य दारीं आलों.

दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध अष्टमी धरून आम्ही निघालों. ठाण्यास रात्रीच्या गाडींत बसलों, सकाळीं थिवीं. पुतणी, तिची एक मैत्रीण, आणि सोबतीस मी. पहिला तासभर वाळूवरच गेला. फळी वाळूवर ठेवून पालथें पडणें, छातीशीं हात टेकून उठणें, पुन्हां पडणें. सूर्यनमस्काराची संवय असलेल्यांस हें जड जाऊं नये. मग कमरेइतक्या पाण्यांत. माझ्याजवळ दोघींच्या चपला, पंचे आणि पुतणीचा चष्मा देऊन त्या गेल्या. ते पंचे मांडीवर घेऊन बसल्यावर माझी अवस्था काय झाली तें लिहीत नाहीं. मीं उठून जीवरक्षकाच्या मनोऱ्यापाशीं जाऊन बसणें पसंत केलें. तो तरुण पेडण्याचाच होता. नजर पाण्यावरून न काढतां माझ्याशीं बोलत होता, हें मला फार बरें वाटलें.

पहिल्या दिवशीं पुतणी एकदांही उभी राहिली नाहीं. नाकातोंडांत पाणी, कोंपरास खरचटलेलें, आणि संध्याकाळीं हात वर होईनात. दुसऱ्या दिवशीं ती तीनदां उभी राहिली. तिसऱ्यांदां चांगली पांच-सहा श्वास, आणि मग वाळूला लागून बसली. तिनें माझ्याकडे पाहून हात हलविला, तेव्हां चष्मा माझ्याजवळ असल्यामुळें तिला मी दिसत नसलों पाहिजें. तिसऱ्या दिवशीं अरबी समुद्रांत दूर कोठें कमी दाबाचा पट्टा झालेला. लाट जड येऊं लागली, शिक्षकानें वर्ग बंद ठेवला व न मागतां पैसे परत केले. मुली हिरमुसल्या. मी त्या दिवशीं पोटभर जेवलों.

रात्रीं आईस दूरध्वनि केला. तिनें मुलीची चौकशी केली आणि मग विचारलें, "कांठावर कोण होतें?"

"दोन जीवरक्षक होते, शिक्षक पाण्यांतच होता. आणि मी होतों."

"तूं काय करणार होतास?"

"तरंगलों असतों," मी म्हणालों. आई हंसली. मग म्हणाली, "धाकट्याला पण घाल त्या तलावावर."

पुतणीचा पुढचा बेत फाल्गुनांत मुल्कीचा आहे. या वेळीं बंधूही बरोबर जाणार, आणि त्यांच्या पाण्यांतील पाठांस आरंभ झाला आहे. ज्यांस आपल्या मुलांना न्यावयाचें असेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, रेल्वेचें आरक्षण हल्लीं ६० दिवस आधीं उघडतें आणि कोंकण रेल्वेच्या रात्रीच्या गाड्या सुट्टींत पाहतां पाहतां भरतात. पोहण्याच्या वर्गास मात्र त्याच्याही चार महिने आधीं नांव घालावें लागेल.